खराब न्हाय, आंबट हाय

अभिजितचा फोन आला तेव्हा माझी अर्धी दाढी झाली होती. अभिजित म्हणजे माझ्या मंगलवहिनींचा भाचा, त्यांच्या थोरल्या भावाचा मुलगा. एरवी तो इतक्या मोठ्यानं बोलतो की फोन कानापासून हातभर लांब धरावा लागतो. त्या दिवशी हळू बोलला. "काका, आत्या गेली..." आणि मी विचारलं, "कुठं?" खरंच विचारलं. कारण वहिनी घरात सापडणं कठीण. सत्तरी ओलांडली तरी आज गडमुडशिंगीला माहेरी, उद्या कागलच्या रस्त्यावर अभिजितच्या हॉटेलात, हातात पिशवी आणि पिशवीत काहीतरी हिंदकळणारं. पलीकडून नुसता हुंदका आला तेव्हा मला समजलं. राजारामपुरीतल्या त्यांच्या फ्लॅटवर पोचलो तर त्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीत होत्या, ओट्याकडे तोंड करून. चहाचं आधण ठेवलेलं होतं, गॅस पेटवायचा राहिला होता. अभिजित माळव्याची, भाजीपाल्याची पिशवी द्यायला आला म्हणून कळलं तरी.

दोन दिवसांनी पेपरात चार ओळी आल्या. दूध डेअरीच्या निवृत्त कर्मचारी, धार्मिक व मनमिळाऊ स्वभावाच्या वगैरे. मी वाचून पेपर आपटला. मनमिळाऊ? वहिनींचं आणि वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाचं गच्चीच्या किल्लीवरून लागलेलं भांडण त्यांच्या जाण्यानंच संपलं. धार्मिक म्हणाल, तर त्या एकादशी धरायच्या आणि दुसऱ्या दिवशी देव्हाऱ्याखालच्या कपाटातून बियरची बाटली काढून उजेडात धरून बघायच्या. तेराव्याच्या जेवणानंतर नातेवाईक आठवणी सांगायला बसले, तेव्हाही कुणी डेअरी सांगितली, कुणी पुरणपोळी सांगितली. एक पाहुणे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ते हॉटेलातलं काय काढू नका बरं का. पोरीच्या सासरची मंडळी हायत." तेव्हा मी गप्प बसलो, कारण वहिनींच्या मुलीच्या, प्राजक्ताच्या, तोंडाकडे बघवत नव्हतं. आता बसणार नाही. माझ्या वहिनी बियर करायच्या. आंबट बियर. चोरून नव्हे, सरकारचा परवाना असलेल्या हॉटेलात, दिवसाढवळ्या, पदर खोचून. ज्यांना हे सोसत नसेल त्यांनी खुशाल या पुरवणीचं पान उलटावं.

आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला ती बियर कधी आवडली नाही. मी आपला साधी, गार, कडवट बियर पिणारा माणूस. वहिनींची बियर प्यायलो की कानामागे झिणझिण्या यायच्या. हे मी त्यांच्या तोंडावर सांगत आलो, त्यामुळे आता मागे सांगायलाही काही हरकत नाही.

हे सगळं सुरू झालं एका नासलेल्या टाकीपासून. अभिजितनं हॉटेल काढलं, जागच्या जागी बियर करायचा परवाना मिळवला, स्टीलच्या टाक्या बसवल्या आणि बंगळुरूहून एक कारागीर आणला. तो कारागीर एका टाकीत बियर मुरत असतानाच नोकरी सोडून गेला. टाकी आंबली. अभिजितला कुणीतरी सांगितलं, गटारात सोडून दे. पण त्याला आत्या आठवली. वहिनींनी जन्मभर डेअरीच्या प्रयोगशाळेत काम केलेलं. दूध कशानं नासलं ते शोधून काढणं हाच त्यांचा धंदा. "आत्या, तू दुधाचं बघत हुतीस. आता बियरचं बघ की," असं म्हणून त्यानं बोलावलं आणि मी त्यांना स्कूटरवरून घेऊन गेलो. वहिनींनी ग्लास नाकाशी धरला, डोळे मिटले, एक घोट घेतला आणि तो जिभेवर घोळवला. मीही एक घोट घेतला आणि कुंडीत थुंकलो.

"भावजी, थुकू नका," त्या म्हणाल्या. "खराब न्हाय हे. आंबट हाय."

"दोन्ही एकच की हो वहिनी."

"एकच कसं? नासलेलं दूध आनि दही एकच हाय व्हय?"

 त्या दिवसापासून त्यांना वेड लागलं. प्राजक्ता पुण्याहून बेल्जियममधली, फ्रान्समधली माहिती काढून पाठवायची, तिकडं शेतकरी कसे हिवाळ्यात बियर करून ठेवायचे आणि उन्हाळ्यात शेतावर राबणाऱ्या गड्यांना प्यायला द्यायचे, ती कशी कोरडी, हलकी, आंबूस असायची. वहिनी चष्मा लावून वाचायच्या आणि खूश व्हायच्या. "अवो, आमची आई मळणीला जोंधळ्याची आंबील करायची, त्यातलंच हे! त्यांनी सातूची केली आनि जरा चढंल अशी केली, एवढंच." मग त्यांनी त्या नासलेल्या टाकीतलं थोडं घरी आणलं, चिनीमातीच्या बरणीत घातलं, वर मलमलचं फडकं बांधलं आणि ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलं. त्याला त्या विरजण म्हणायच्या. भिजवून मोड आणलेल्या, वाळवलेल्या सातूचा पातळ काढा आणि चमचाभर काकवी, हे त्याचं खाणं. दर आठवड्याला ते द्यायचं, जुनं थोडं काढायचं, नवं घालायचं. हॉटेलातल्या टाक्या प्रत्येक वेळी औषधं घालून धुतल्या जातात, तिथं असलं काही जगत नाही. म्हणून दर खेपेला विरजण जायचं ते राजारामपुरीतल्या ओट्यावरून, स्टीलच्या डब्यात, सिटी बसनं.

हॉटेलात आधी फार गोंधळ झाला. लोक ग्लास परत पाठवायचे. वहिनी हजर असल्या तर सरळ टेबलाशी जाऊन उभ्या राहायच्या. पांढरे केस, काठापदराची साडी, आणि बियरबद्दल तक्रार करणारा एखादा तगडा गडी खाली बसलेला. "पावणं, खराब न्हाय ती, आंबट हाय. खराब असती तर तुमच्या आधी मीच ओतली असती. अजून दोन घोट घ्या, मग बोला." गडी बिचारा दोन घोट घ्यायचा. काहींना आवडायची, काही बिल देऊन पळायचे.

मग एकदा पुण्याहून बियरमधले जाणकार आले. दाढ्या राखलेली, हुशार पोरं. त्यांनी ग्लास फिरवले, वास घेतले आणि त्यांच्यात वाद जुंपला. एक म्हणाला, ही सेझॉन, ती शेतावरच्या गड्यांची बियर. दुसरा म्हणाला, सेझॉन इतकी आंबट नसते, हिला वाइल्ड एल म्हणायचं, आपसूक आंबलेली. तिसऱ्याचं म्हणणं, बेल्जियमच्या बाहेर झाली म्हणजे अमुक नाव लावताच येत नाही. वहिनी बाजूला उभ्या राहून ऐकत होत्या. शेवटी त्यांना राहवेना. "पावणं, ह्यो वाद मागनं घाला, गिलास गरम व्हायलाय. त्या शेतातल्या गड्यानं घोट घ्यायच्या आधी नाव इचारलं असंल व्हय? त्येला तहान लागलीती!" पोरं हसली. पण त्यातला एक, जरा शांत होता तो, म्हणाला, "काकू, गड्याला माहीत होतं काय मिळणार ते. इथल्या माणसाला माहीत नसतं. नाव फक्त तेवढ्यासाठी असतं." वहिनी विचारात पडल्या. हा त्यांचा गुण मी फार थोड्या माणसांत पाहिला. भांडता भांडता समोरच्याचं खरं वाटलं तर त्या तिथंच थांबायच्या. पुढच्या आठवड्यात हॉटेलच्या फळ्यावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'आंबट. खराब नाही.' सेझॉन नाही, वाइल्ड नाही. पुढं बाहेरगावचे लोक त्या फळ्याचे फोटो काढायला लागले आणि अभिजितनं तो पुसायला सगळ्यांना मनाई केली.

ठेवायची की प्यायची, हा दुसरा वाद. प्रत्येक खेपेच्या थोड्या बाटल्या वहिनी नमुना म्हणून भरून ठेवायच्या, विकायला नव्हे, पुढं काय होतं ते बघायला. फ्लॅटमधली सगळ्यात अंधारी, गार जागा म्हणजे देव्हाऱ्याखालचं कपाट. तिथं समईच्या वाती, कापूर, उदबत्त्या आणि बाटल्या गुण्यागोविंदानं नांदायच्या. अभिजितचं म्हणणं, बाटल्या वर्षानुवर्षं ठेवाव्यात, परदेशात अशा जुन्या बाटल्यांना केवढा मान असतो! वहिनी मान हलवायच्या. "ठेवली की ती शहाणी हुती, हे खरं. कडा मोडत्यात तिच्या. पन मग तिला पोरं व्हायची न्हाईत." मी मोठ्यानं हसलो. मला वाटलं, वहिनी चावट बोलल्या. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की हसू विरलं, पण अर्थ काही त्यांनी सांगितला नाही.

माझा भाऊ गेला तेव्हाचं सांगतो. आमच्याकडे घरात माणूस गेलं की मयत उचलल्यावर मागे राहिलेल्या बायका घर धुतात, भरून ठेवलेलं सगळं पाणी ओततात, शिजलेलं अन्न, दूध, दही बाहेर काढतात. त्या दिवशीही हेच सुरू झालं. पिंप रिकामं झालं, हंडे रिकामे झाले, आणि कुणीतरी ओट्यावरच्या बरणीला हात घातला. वहिनी कोपऱ्यात बसल्या होत्या, डोळ्याला पाणी नाही, काही नाही. त्या उठल्या आणि बरणी पाठीशी घालून उभ्या राहिल्या. "हे पानी न्हाय, दूध न्हाय. ह्याला हात लावायचा न्हाय." एक म्हातारी म्हणाली, "अगं, नवरा गेला तुजा, आनि दारूची बरनी कसली राखतीस?" वहिनी म्हणाल्या, "तेवडंच जित्तं हाय आता ह्या घरात..." आणि मग त्यांना रडू फुटलं. बरणी वाचली. पण ते वाक्य पाहुण्यांत वर्षभर फिरत राहिलं. कुणी हसून सांगायचं, कुणी नाक मुरडून. माझी बायको सुनंदा तिथंच होती. तिनं ती कुजबुज दर लग्नात, दर बारशात ऐकली आणि दर वेळी तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वहिनींवर तिचा जीव होता. त्यांची बियर मात्र तिनं कधी जिभेला लावली नाही.

या वेळी बरणी पाठीशी घालायला वहिनी नव्हत्या.

आम्ही पुरुष पंचगंगेवर होतो. परत आलो तेव्हा फरश्या ओल्या होत्या, पिंपं पालथी होती, आणि ओट्याचा कोपरा रिकामा होता. मला ते दिसलंच नाही. दिसलं ते अभिजितला, तिसऱ्या दिवशी. हॉटेलातलं आधीचं सगळं संपलं होतं, नवी खेप लावायची म्हणून आत्यानं त्याला विरजण न्यायला बोलावलं होतं. ते राहूनच गेलं. तो स्वयंपाकघरात गेला आणि तिथूनच ओरडला, "काका, बरणी कुठाय?" सुनंदा हातातला तांब्या तसाच धरून उभी राहिली. "मी ओतली," ती म्हणाली. "कुणी सांगितलं म्हणून न्हाय. मला ठावं हुतं काय हाय ते. लोक यायचे हुते, वास सुटला हुता. त्यांना न्हेऊन घटकाभर झाली न्हाय तोवर त्यांच्याच घरात परत तेच बोलनं नको, म्हनून ओतली... तुज्याकडं हॉटेलात असंलच की रं आनखी?"

अभिजितनं डोकं हलवलं. नव्हतं. कुठंच नव्हतं. जे इतकी वर्षं दर आठवड्याला थोडं मरून परत नवं होत होतं, ते मोरीतून वाहून गेलं होतं. मला सुनंदाचा राग आला नाही, आणि आजही कुणी तिला बोललं तर मी ऐकून घेणार नाही. राग आला तो त्या कुजबुजीचा. ती करणारे सगळे मजेत आहेत, वर्षातून दोनदा गोव्याला जाऊन तर्र होऊन येतात.

मग आठवल्या देव्हाऱ्याखालच्या बाटल्या. थोड्याच उरल्या होत्या, गळ्याला दोरा आणि दोऱ्याला त्या खेपेचा महिना. अभिजित म्हणाला, बाटलीच्या तळाशी जो साका बसतो त्यात अजून जिवंत काही असेल तर त्यावरून विरजण परत धरता येईल. पण त्यासाठी बाटल्या फोडाव्या लागतील. प्राजक्तानं ते ऐकलं आणि कपाटासमोर जाऊन बसली. "नाही काका. आईच्या हातची ही शेवटची आहे. ही मी कुणाला देणार नाही. नुसती ठेवणार आहे, बघायला." तिचं काय चुकलं? आईचा काही तरी ऐवज उरावा असं कुणाला वाटत नाही? मी तिच्याशेजारी फतकल मारून बसलो. तिनं एकेका बाटलीच्या दोऱ्यावरचा महिना वाचला. शेवटी ती म्हणाली, "एक घ्या. सगळ्यात जुनी घ्या. ती सगळ्यात चांगली असणार."

जुनी उघडली. तीन ग्लासांत बेतानं ओतली, खालचा गढूळ भाग बाटलीतच ठेवला. मी सवयीनं तोंड वाकडं करून घोट घेतला आणि... काय सांगू. आंबटपणा होता, पण शांत. जर्दाळूचा वास होता, ओल्या लाकडाचा होता, आणि शेवटी जिभेवर काकवीची आठवण. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला वहिनींची बियर आवडली, आणि ते सांगायला वहिनी नव्हत्या. मी उठून गॅलरीत गेलो. प्राजक्ता रडत रडत पीत होती.

त्या जुन्या बाटलीचा साका अभिजितनं गार केलेल्या काढ्यात घातला, फडकं बांधलं. एक दिवस गेला, चार गेले, आठवडा गेला. काढा ढिम्म हलला नाही. वर बुडबुडा नाही, वासाला काही नाही. तेव्हा मला ते कळलं. शहाणी होते, पण पोरं व्हायची नाहीत. चावट काही नव्हतं त्यात. जितकी ठेवाल तितकी ती चवीला सुधारते आणि तितकंच तिच्यातलं जिवंत काही मरत जातं. दोन्ही खरं. हे मी प्राजक्ताला सांगितलं, तिच्या आईच्या शब्दांत सांगितलं. ती रडता रडता हसली. मग तिनंच हात घालून सगळ्यात नवी बाटली काढली, आई जायच्या थोडं आधी भरलेली, आणि अभिजितच्या हातात दिली.

ती भयंकर होती. कच्ची, तिखट, कानामागे झिणझिण्या आणणारी. मी थुंकलो नाही. तिच्या साक्यानं तिसऱ्या दिवशी फडकं वर उचललं.

ते बघितलं पहिल्यांदा सुनंदानं. कारण बरणी आता आमच्या घरी आहे, आमच्या ओट्याच्या कोपऱ्यात. तिनंच मागून घेतली. सकाळी मी पेपर वाचत होतो, आतून हाक आली, "अवो, हिकडं या, हिकडं या!" जाऊन बघतो तर बरणीत फेस चढत होता आणि सुनंदा तिच्यासमोर हात जोडून उभी होती. मी म्हटलं, हात कसले जोडतेस, बियर आहे ती. म्हणाली, "असू द्या." त्यानंतर काढा तीच करते, काकवी तीच घालते, आणि मला हात लावू देत नाही. मागच्या आठवड्यात पहिलं विरजण तिनं स्वतः स्टीलच्या डब्यातून हॉटेलात पोचवलं. सिटी बसनं. तेराव्याला माझ्या कानाशी कुजबुजलेले पाहुणे तिला स्टॉपवर भेटले आणि डब्यात काय आहे म्हणून त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं. चारचौघांत, मोठ्यानं सांगितलं.

परवा अभिजित आला होता. त्याच्या एका ओळखीच्यानं सुचवलं म्हणे, की आता हे विरजण खास आहे, त्याला काहीतरी नाव द्या, छान लेबल छापू. 'मंगल' म्हणू, 'करवीर' म्हणू. सुनंदा भाकरी थापत होती. तिनं ऐकून घेतलं, हात धुतले, देव्हाऱ्यातून हळदीकुंकवाच्या पुडीबरोबर आलेला कोरा कागद काढला आणि माझ्या खिशातलं पेन घेतलं. ठळक अक्षरात काहीतरी लिहिलं आणि भाताच्या शितानं कागद बरणीवर चिकटवला.

तोच कागद आता बरणीवर आहे. वहिनींचं नाव त्यावर नाही, सेझॉन नाही, करवीर नाही. त्यावर लिहिलंय, 'घरात कुणीही गेलं तरी ओतू नये.'